माशांच्या आंबोणातली पुडी

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात, आमच्या कॉलनीत एक बाई राहतात. निवृत्तीचे पेढे द्यायला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "चला, आता तरी तुमच्या अंगाचा माशांचा वास जाईल." मी पेढ्यांचा डबा तसाच परत घेऊन आले आणि घरी बसून त्यातले चार स्वतः खाल्ले. वास येतो, हे मला ठाऊक आहे. लिंबू चोळून, साबण बदलून तो जात नाही. हल्ली मी चोळतही नाही. त्या वासावर माझ्या दोन मुली शिकल्या आणि ज्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून काढलं, त्याला शेवटची वर्षं पक्क्या छपराखाली काढता आली. मग त्या वासाची लाज मी का बाळगू?

या अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांनी सुचवलं होतं, की नोकरी कशी लागली, बदल्या कुठे झाल्या, असं क्रमाने लिहा. ते मी लिहिणार नाही. माझ्या बदल्यांमध्ये माझ्या नवऱ्यालासुद्धा रस नव्हता. मला माशाच्या पोटाबद्दल लिहायचं आहे आणि एका चुकीबद्दल.

मी सरकारी मत्स्य खात्यात फील्डवर होते. फील्डवर म्हणजे गुडघाभर चिखलात. आदिलाबाद म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, आणि माझी नोकरी सांगितली की हमखास प्रश्न येतो, "तुमच्याकडे समुद्र कुठे आहे?" समुद्र नाही. तलाव आहेत, शेततळी आहेत आणि गावोगावी कुंटे आहेत. कुंटा म्हणजे लहान तळं. त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं सोडायची, त्यांना कोंडा आणि ढेप, म्हणजे पेंड, खाऊ घालायची आणि ती किलोभराची झाली की जाळं ओढायचं. ऐकायला सोपं वाटतं. गावात मला चेपल मॅडम म्हणत. चेपा म्हणजे तेलुगूत मासा. मराठी घरांतही तेच नाव रुळलं आणि माझं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

मासा आजारी पडला की तो बकरीसारखा कोपऱ्यात जाऊन बसत नाही, कण्हत नाही. सकाळी तो काठाजवळ संथ फिरताना दिसला, की समजायचं काहीतरी बिघडलंय. मग जाळं फेकायचं आणि चार मासे हातात घ्यायचे. कल्ला उचलून पाहायचा. लाल असला तर ठीक, फिका आणि चिकट असला तर ठीक नाही. खवल्यांखाली लाल चट्टे आहेत का, पोट फुगलंय का, ते बघायचं. शेवटी एक मासा चिरून आतडं उघडायचं. निम्मी गोष्ट तिथेच कळते. निरोगी माशाच्या आतड्यात खाद्य असतं. आजारी माशाच्या आतड्यात पिवळं पाणी असतं. मी इतकी आतडी उघडली आहेत, की जेवायला बसल्यावर नवरा आधी बजावायचा, "आज काही सांगायचं असलं तर जेवण झाल्यावर सांग."

सुरुवातीच्या वर्षांत मी लोकांना जे शिकवलं ते लिहायला जड जातं, पण लिहिते. आजार दिसला की खाद्यात अँटिबायोटिक मिसळा, असं मी सांगायची. नाही दिसला तरी मिसळा, म्हणजे दिसणार नाही, हेही सांगायची. त्या वेळी सगळेच तसं सांगत होते. पण शेतकऱ्याने ते सगळ्यांच्या नाही, माझ्या तोंडून ऐकलं होतं. काही वर्षं मासे खरंच तगले. मग एक चिमूट पुरत होती तिथे मूठ लागायला लागली, आणि नंतर मुठीनेही भागेना. नेरडीगोंड्याला मरळ पाळणाऱ्या एकाच्या सिमेंटच्या टाकीपाशी मी सकाळी पोचले, तेव्हा सगळे मासे उलटे पडले होते. चिरून पाहिलं तर पोटात औषध घातलेलं खाद्य जसंच्या तसं. तो माणूस नुसता म्हणाला, "तुमी सांगतलं तसंच केलं होतं मॅडम." त्यानंतर माझ्या चिठ्ठीवर मी अँटिबायोटिकचं नाव लिहिलं नाही. दुकानदारांनी तक्रारी केल्या, एकाने तर वरपर्यंत अर्ज दिला, की बाई आमचं दुकान बंद पाडून राहिल्या. पाडलं असतं तर मला आनंदच झाला असता, पण दुकान अजून चालू आहे.

त्याच सुमारास प्रोबायोटिक आलं. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. माशाच्या आतड्यात जंतू असतात, चांगले आणि वाईट दोन्ही. जागा मर्यादित असते. आमच्या आदिलाबादच्या बसस्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात. प्रोबायोटिकचं काम तेच. चांगले जंतू खाद्यातून रोज पोटात सोडायचे, म्हणजे ते आधी जागा धरतात आणि वाईटांना बसायला मिळत नाही. शिवाय ते खाद्य पचवायला मदत करतात. पचलेलं खाद्य अंगी लागतं आणि न पचलेलं कमी उरल्यामुळे पाणी कमी घाण होतं. मासा मुळात धडधाकट राहिला, तर आजाराशी त्याचं तो झुंजतो.

हे सांगितलं की लोक विचारतात, मग हे औषध नाही का? नाही. हे मी हजारदा सांगितलं असेल. आजारी मासा याने उठून पोहायला लागत नाही. रोज द्यावं लागतं, आठवड्यांमागून आठवडे, आणि द्यायचं बंद केलं की पाहुणे जंतू हळूहळू निघून जातात. सोबत अँटिबायोटिक दिलं तर आपणच सोडलेले जंतू आपणच मारतो. प्रोबायोटिकच्या पुड्या विकणारे एजंट पाच दिवसांत फरक दाखवतो म्हणायचे. मी त्यांना म्हणायची, मग पाच दिवस इथेच मुक्काम करा. कोणी केला नाही.

इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर एक किराणा दुकानदार होता. त्याने हौसेने शेततळं खोदलं होतं. दोन महिन्यांनी भेटला तेव्हा चेहरा खुललेला होता. म्हणाला, "मॅडम, एक सांगू? रागवू नका."

"सांगा."

"माशाले देल्ली ती पुडी मीबी घेऊन राह्यलो. पंधरा दिवस झाले. पोट एकदम मोकळं."

"अहो, ती माणसांची नाही. पाकिटावर लिहिलंय."

"तेलुगूत लिहिलं हाये. मले तेलुगू फक्त बोलता येते."

मी त्याला तिथल्या तिथे बंद करायला लावलं. तरी जाताना त्याने विचारलंच, की मासे मोठे झाले तसा मीबी होईन काय. तो आधीच पुरेसा मोठा होता.

दुसरीकडे एका गावात मी प्रामाणिकपणे सांगितलं, की या पुडीत जंतू आहेत. संध्याकाळपर्यंत सगळ्या पुड्या उकिरड्यावर. जंतू विकत घेऊन माशांना कोण चारेल, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्या दिवसापासून मी 'ताकदीची पुडी' म्हणायला लागले. लोक खूष, मी खूष. आत जिवंत काहीतरी आहे, हे सांगायचंच मी सोडून दिलं. चुकीचा अर्धा भाग इथे आहे.

उरलेला अर्धा सांगायला थोडं मागे जावं लागेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात तळं पाहून झाल्यावर घरमालकाने चहाला बोलावलं. मी आत पाऊल टाकणार तोच त्याच्या आईने विचारलं, "कोनाची पोरगी तू?" मी आमच्या बौद्ध वस्तीचं नाव सांगितलं. मग मला ओट्यावर बसवलं, आणि चहा आला तो कडेला ठेवलेल्या वेगळ्या कपात. पिऊन झाल्यावर कप मीच धुवायचा होता. मी तो चहा प्यायले नाही. कप उचलला, चहा अंगणात ओतला आणि निघाले. त्या दिवशी मी ठरवलं, की न बोलावता कोणाच्या चुलीपाशी जायचं नाही आणि बोलावलं तरी जायलाच पाहिजे असं नाही. काम तळ्याच्या काठावर. चहा माझ्या थर्मासमधला. तीसेक वर्षं मी हा नियम पाळला. त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण आता त्यात एक खडा आहे.

नेरडीगोंड्याच्या पलीकडे हायवे सोडून आत एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या बायकांना अजून तिथेच राहायचं आहे. त्या गावचा कुंटा कित्येक वर्षं बेशरमीच्या झुडपांनी आणि जलपर्णीने भरलेला होता. कोणालाच नको होता. कांताबाई नावाची एक भाजीवाली आणि तिच्या बचत गटातल्या नऊ बायका, सगळ्या वांगी-भेंडी पिकवून बाजारात नेणाऱ्या, त्यांनी तो ठेक्याने मागितला. पंचायतीने हसत हसत देऊन टाकला. बायकांनी उन्हाळाभर कोयत्याने झुडपं तोडली, जलपर्णी उपसली. पाऊस झाला, कुंटा भरला, पाणी आरशासारखं दिसायला लागलं, आणि मग तो सगळ्यांनाच हवासा झाला.

सर्वांत जास्त हवा होता तो गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना. त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत. ठेक्याच्या कागदात एक अट होती: मत्स्यपालनात निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर ठेका रद्द. अध्यक्षांनी ती अट पाठ केली होती.

कांताबाईने मला पहिल्याच भेटीत तो कागद दाखवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी. म्हणाली, "घर सासऱ्याच्या नावानं, वावर नवऱ्याच्या नावानं. आमच्या नावानं हा पयलाच कागद हाये मॅडम. हा गेला नाई पाह्यजे."

मी त्यांना सगळं शिकवलं. भोकं पाडलेल्या पोत्यांत खाद्य भरून ती पाण्यात बांबूंना बांधायची, मासे येऊन चोखून खातात. खाद्य किती, पोती कधी तपासायची, चुना कधी टाकायचा. आणि ताकदीची पुडी रोज खाद्यात मिसळायची. बायका हुशार होत्या. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं.

दोन-अडीच महिने गेले आणि एका सकाळी कांताबाईचा फोन आला. "मॅडम, मासे लाल पडून राह्यले. दोन मेले."

स्कूटी काढून मी गेले. जाळं फेकलं. आठातले पाच मासे चट्टेवाले. कल्ले चिकट. एक चिरला, आतड्यात पिवळं पाणी. पोती तपासली तर कालचं खाद्य अर्धं तसंच. तळाचा चिखल काळा आणि वास मारणारा. मी काठावर बसले आणि डोकं चालेना. पुडी दिली म्हणजे आजार येणारच नाही, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पण इतके दिवस नेमाने देऊन पोटाची ही अवस्था? मग खाद्य पचत का नव्हतं?

"पुडी रोज देता ना?"

"रोज. एक दिवस चुकवला नाई."

"नीट मिसळते का?"

"एकजीव होते जी. दाना वेगळा दिसत नाई."

माझं समाधान झालं. आज ते वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

तेवढ्यात मोटरसायकलवरून अध्यक्ष आले. चपलेच्या टोकाने मेलेला मासा उलटवून पाहिला. "मॅडम, तुमची पुडी फेल झाली. अँटिबायोटिक टाका. नाईतर लिहून द्या का बायाईची चूक हाये."

"दोन्ही करणार नाही."

"मंग मासे असेच मरू देता?"

"आठ दिवस द्या."

"देल्ले," ते म्हणाले. "नवव्या दिवशी माझा अर्ज ऑफिसात असन."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर, सातच्या सुमारास गावात पोचले. काठावर कोणी नव्हतं. कांताबाईच्या घरामागून धूर येत होता आणि त्या धुराला ढेपेचा वास होता. मी फाटकापाशी थांबले. हाक मारली, कोणाला ऐकू गेली नाही. नियमाप्रमाणे मी काठावर जाऊन बसायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, बसायला निघालेही होते. पण तो वास गरम ढेपेचा होता, आणि माशांचं खाद्य मी कधी गरम करायला सांगितलेलं नव्हतं. मी फाटक ढकललं आणि न बोलावता आत गेले.

तीन दगडांवर मोठं पातेलं, आमच्याकडे त्याला गंज म्हणतात, चढलेलं होतं. त्यात कोंडा आणि ढेप खदखदत होती. कांताबाई काठीने ढवळत होती, आणि तिच्या जावेने माझ्या डोळ्यांदेखत पुडी दाताने फाडून त्या उकळत्या रबरबाटात रिकामी केली.

"हे काय करून राह्यल्या?" माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"आंबोन शिजवून राह्यलो जी. माशाईचं," कांताबाई म्हणाली. म्हशीला शिजवून घालतात ते आंबोण. दावणीला म्हैस होतीच.

"आन् पुडी? उकळत्यात?"

"मंग? औशद कच्चं कोन पाजते? काढा उकळूनच देतो आमी. वरून टाकलं तं गुन कसा उतरन?"

मी चुलीशेजारी खालीच बसले. काही प्रकारचे जंतू कवच धरून राहतात आणि थोडी उष्णता सोसतात. आमच्या पुडीतले तसले नव्हते. ते दह्यातल्या जंतूंसारखे होते, ऊब सोसणारे, उकळी न सोसणारे. दोन-अडीच महिने या बायकांनी एक दिवस न चुकवता, मनापासून, एकजीव करून ते मारले होते. वर शिजवलेलं खाद्य लगदा होऊन पोत्यातून गळत होतं आणि तळाशी सडत होतं.

"कांताबाई, ते औषध नाही. जित्तं हाये ते. त्या पुडीत जीव हायेत."

तिचा हात थांबला. "जीव म्हंजे?"

"दह्यात असतात तसे. लहान. डोळ्याले दिसत नाहीत."

"आन् आमी रोज त्याईले उकळून मारलं?"

"हो."

मग काठी बाजूला ठेवून सरळ माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "हे आधी काऊन नाई सांगतलं मॅडम?"

लोक पुड्या फेकतात म्हणून मी लपवलं, हे सांगितलं. तिने मान हलवली. म्हणाली, "बरं, ते नाई सांगतलं. पन खाद्य कसं करतो, ते तरी पाह्यलं असतं. तुमी कधी आमच्या धुरात आल्याच नाई. आमी समजलो, मॅडम मोठ्या लोकं. आमच्या घरचं चालत नसन."

मला एकदम हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. धुराचं म्हणून पुसलं. मी म्हटलं, "मले वाटलं, माझं तुमाले चालणार नाही."

ती समजली. तिला माझी वस्ती माहीत होती, सगळ्या गावाला माहीत होती. तिची जाऊ उठली आणि म्हणाली, "चहा ठेवू का मंग?" त्या चहाला धुराचा वास होता आणि साखर जास्त होती. कप सगळ्यांचे सारखेच होते, एकाचाही कान शाबूत नव्हता.

मग कामाला लागलो. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. मेलेले मासे काढून दूर चुना घालून पुरले. पाण्यात बेताने चुना, आणि चुन्यानंतर चार दिवस पुडी नाही. त्यानंतर खाद्य निम्मं केलं. शिजवायची सवय त्या सोडायला तयार नव्हत्या, कोंड्यात किडे असतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. म्हणून तडजोड केली: हलकंच वाफवायचं, ताडपत्रीवर पसरायचं, पार गार होऊ द्यायचं. गुळाच्या पाण्यात पुडी कालवायची, थोडी भाताची पेज चिकटायला, आणि हाताने वरखाली करून सावलीत ठेवायचं. किती गार, हे कांताबाईने ठरवलं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, तान्ह्या लेकराचं दूध बघतात तसं. हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नाही. पुढे मी प्रत्येक गावात तसंच शिकवलं.

नवव्या दिवशी मासे मरायचे थांबले नव्हते, फक्त कमी झाले होते. अध्यक्षांचा अर्ज गेला. तोवर गावभर झालं होतं, की बायांनी माशांचं औषध रांधलं. चहाच्या टपरीवर त्यावर हसणं चालायचं. चौकशीला साहेब आले. भला माणूस, बाहेरच्या जिल्ह्यातला. कुंट्याच्या काठावर खुर्ची टाकून त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. बायका एका ओळीत उभ्या होत्या. कांताबाईच्या हातात तो दोन पिशव्यांतला ठेक्याचा कागद होता.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, औषध चुलीवर शिजवलं. यापेक्षा निष्काळजीपणा कोनता असते?"

साहेब मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाले, "मॅडम, एक ओळ लिहून टाका, लाभार्थींकडून चूक झाली. तुमची निवृत्ती जवळ आली आहे. अंगावर कशाला घेता?"

मी त्यांच्याच पॅडवर लिहिलं: पुडीतले जंतू जिवंत असतात आणि उष्णतेने मरतात, हे लाभार्थींना सांगितलेलं नव्हतं. ते सांगण्याची आणि खाद्य कसं करतात ते पाहण्याची जबाबदारी माझी होती. मी ती पार पाडली नाही. लाभार्थींनी सांगितलेलं प्रत्येक काम रोज केलेलं आहे. खाली सही, हुद्दा, तारीख.

साहेबांनी दोनदा वाचलं. "सोच लो मॅडम."

"सोचून लिहिलं साहेब."

यात मी काही थोर केलं, असं कोणी म्हणू नये. झालं तसं लिहिलं. पण निम्म्या ऑफिसने मला वेडी ठरवलं, आणि एका सहकाऱ्याने तर विचारलं, की त्या बायका तुझ्या कोण लागतात. कोणी लागत नाहीत. चूक माझी लागत होती. महिन्याभराने मेमो आला. निष्काळजीपणा सिद्ध झाला, पण माझा. अध्यक्षांच्या हातातली अट गळाली.

चट्टे सुकायला पाच आठवडे लागले. नंतर जाळ्यात आलेले मासे स्वच्छ होते. मी एक चिरला, आतड्यात खाद्य होतं, पिवळं पाणी नव्हतं. पोती वेळेवर रिकामी होऊ लागली. कुंट्याचा वास गेला. जाळं ओढलं त्या दिवशी मासे ठरल्यापेक्षा कमी आणि थोडे लहान निघाले, पण निघाले. अध्यक्ष आले होते. त्यांनी एक कटला उचलला, कल्ला उघडून आत पाहिलं, आणि तोच घरी न्यायला निवडला.

हे पुडीमुळे झालं का? कार्यक्रमांत मला हे हमखास विचारतात आणि माझ्या उत्तराने कोणाचंच समाधान होत नाही. आम्ही खाद्य निम्मं केलं, चुना टाकला, चिखल सुधारला आणि जिवंत पुडी दिली, सगळं एकाच महिन्यात. श्रेय कोणाचं किती, ते मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याला काहीतरी विकायचं असतं. पण प्रोबायोटिक म्हणजे थोतांड, असं म्हणणाऱ्यांनाही मी सोडत नाही. ज्या तळ्यात पाणी राखलं, खाद्य बेताने दिलं आणि पुडी नेमाने व जिवंत पोचवली, तिथे मासे कमी आजारी पडलेले मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. आणि अँटिबायोटिकचा एक कणही न टाकता. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खोडून काढायचं असेल त्याने आधी चिखलात उतरावं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ऑफिसच्या हॉलमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. मागच्या खुर्च्यांवर कांताबाई आणि तिच्या गटातल्या चौघी बसल्या होत्या. आमंत्रण त्यांना नव्हतं, वॉचमनने अडवलं तर कांताबाई म्हणाली होती, की आमच्या मॅडम हायेत. त्या महिन्यात कुंट्याचा ठेका पुन्हा लिहायचा होता, आणि अध्यक्षांनी पंचायतीत पुन्हा तेच सुरू केलं होतं, की ह्या त्याच बाया, औषध रांधणाऱ्या.

नवे साहेब भाषणात म्हणाले, की मॅडमची सेवा निष्कलंक होती.

मी उठून उभी राहिले. "साहेब, माझ्या फायलीत एक मेमो आहे. तो वाचा."

ते गडबडले. म्हणाले, आज कशाला. मी म्हटलं, आजच. क्लार्कने फाइल आणली, पान शोधलं. साहेबांनी तेलुगूत वाचलं, खालच्या आवाजात, लवकर संपवायचं म्हणून. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. मागून कांताबाईने विचारलं, "काय लिहिलं हो त्यात?"

"लिहिलं हाये," मी म्हटलं, "का तुमी काहीच चुकल्या नाही. चुकली ती मी."

कांताबाई उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच बोलत असावी. "याच्यावर सरकारचा शिक्का हाये काय?"

"हाये."

"मंग याची झेरॉक्स द्या आमाले. पंचायतीत दाखवाची हाये."

शाल खांद्यावर तशीच घेऊन मी त्यांच्याबरोबर समोरच्या दुकानात गेले आणि दोन प्रती काढून दिल्या. ठेका त्यांच्याकडेच राहिला. माझ्या सगळ्या नोकरीत मला दोषी ठरवणारा तो एकच कागद आहे, आणि त्याची झेरॉक्स कांताबाईच्या घरी दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवली आहे.